कोलोरॅडोच्या डोंगरात नदीकाठी पैसे न भरता तंबू ठोकून राहता येते का, आणि जागा कशी निवडावी?

आपण विचारले आहे की, डेन्व्हरमध्ये राहणाऱ्या आपल्या कुटुंबाला (नऊ वर्षांचा मुलगा आणि भारतातून आलेले वडील धरून चौघे) ऑगस्टमध्ये डोंगरातल्या एखाद्या नदीकाठी, कॅम्पग्राउंडचे पैसे न भरता, एक-दोन रात्री तंबूत राहायचे आहे. हे कायदेशीर आहे का आणि जागा कशी शोधावी? मी कोलोरॅडोत बरीच वर्षे राहतो आणि दर उन्हाळ्यात असे दोन-तीन मुक्काम करतो, म्हणून अनुभवावरून सविस्तर लिहितो.

हे पूर्णपणे कायदेशीर आहे, मात्र जमीन कोणाची आहे हे आधी पाहावे लागते. आपल्याकडचे पाहुणे आले की आपण त्यांना रॉकी माउंटन नॅशनल पार्कला नेतो, आणि तिथे प्रवेशापासून मुक्कामापर्यंत सगळ्याला शुल्क व आरक्षण लागते. नॅशनल फॉरेस्ट ही वेगळी गोष्ट आहे. ही जंगले 1905 साली स्थापन झालेल्या फॉरेस्ट सर्व्हिसच्या ताब्यात आहेत, आणि ते खाते, गंमत म्हणजे, कृषी मंत्रालयाखाली येते. या जंगलांत बांधीव कॅम्पग्राउंडच्या बाहेर, जिथे स्पष्ट मनाई नाही अशा कोणत्याही ठिकाणी, बहुधा सलग 14 दिवसांपर्यंत फुकट राहता येते. याला इकडे डिस्पर्स्ड कॅम्पिंग म्हणतात. तिथे नळ, संडास, टेबल, कचऱ्याची पेटी यांपैकी काही नसते, आरक्षणही नसते. जो आधी पोहोचेल त्याची जागा, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी निघणाऱ्याला बहुतेक वेळा उरलेलीच जागा मिळते. काही गजबजलेल्या खोऱ्यांत, उदाहरणार्थ क्रेस्टेड ब्यूट गावाच्या आसपास, आता क्रमांकाचे खांब रोवलेल्या ठरावीक जागांवरच तंबू लावू देतात.

नदी दिसली म्हणजे काठ सरकारी असेल असे मात्र समजू नये. 1862 च्या होमस्टेड कायद्यानंतर वस्तीला आलेल्या लोकांनी साहजिकच दरीच्या तळाची, पाण्याजवळची सपाट कुरणे घेतली, आणि सरकारकडे उरले ते उतार व कडे. त्यामुळे जंगलाच्या ऐन मध्यावरही नदीकाठची पट्टी खासगी निघते. शिवाय या राज्यात खासगी जमिनीतून वाहणाऱ्या नदीचा तळसुद्धा त्या जमीनमालकाचाच मानला जातो, म्हणजे पाण्यात उतरून पलीकडे चालत गेलात तरी तो अतिक्रमणच ठरू शकतो. फॉरेस्ट सर्व्हिस प्रत्येक विभागासाठी मोटार वाहनांच्या वापराचा एक फुकट नकाशा काढते. तो कृष्णधवल आणि दिसायला रुक्ष असला, तरी ज्या रस्त्यांच्या कडेने गाडी आत घेऊन तंबू लावण्यास परवानगी आहे त्या रस्त्यांच्या बाजूला त्यावर ठिपके छापलेले असतात. तो नकाशा घरूनच फोनमध्ये उतरवून घ्यावा, कारण दरीत शिरल्यावर नेटवर्क मिळेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

आता जागेच्या निवडीबद्दल. नदीकाठी राहायचे म्हटले की प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे पाण्याला लागून ठोकलेला तंबूच येतो, आणि तीच मोठी चूक आहे. ती मीही केली होती. मी मूळचा वाईचा. कृष्णेच्या पुराचे पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावे म्हणून ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची बांधलेली आहे, आणि ती भिंत पाहतच मी लहानाचा मोठा झालो. नदीच्या पात्रात झोपू नये हे मला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. तरीही इकडे आल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी, जूनच्या मध्यावर, गनिसनच्या बाजूच्या एका लहान नदीच्या वळणावर मी आणि माझा मित्र एका हिरव्यागार सपाट पट्टीवर तंबू ठोकून मोकळे झालो. पाणी तेव्हा जेमतेम दोन हात खाली होते. दिवसभर ऊन होते, आभाळात ढगाचा ठिपका नव्हता, आणि वाईच्या माणसाच्या डोक्यात पूर म्हणजे आधी पाऊस हे समीकरण पक्के बसलेले असते.

रात्री एकच्या सुमारास जाग आली ती आवाज बदलल्यामुळे. संध्याकाळची खळखळ गेली होती आणि पाण्याखाली दगडावर दगड आपटल्यासारखा दबका, जड आवाज येत होता. बॅटरी लावून पाहिले तर पाणी तंबूच्या पुढच्या खुंटीपासून वीतभर अंतरावर आले होते, मित्राचे दोन्ही बूट गेले होते आणि माझी एकच वहाण शिल्लक होती. वर आभाळ चांदण्यांनी भरलेले होते. दिवसभराच्या उन्हाने वरच्या कड्यांवरचे बर्फ वितळते, पण ते पाणी ओढ्याओढ्यांतून खाली पोहोचायला काही तास जातात, म्हणून मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत अशा नद्या निरभ्र रात्रीसुद्धा चढतात, हे आम्हाला त्या रात्री कळले. सकाळी पाहिले तर शेजारच्या विलोच्या झुडपांत, गुडघ्याएवढ्या उंचीवर, वाळके गवत आणि काटक्या अडकलेल्या होत्या आणि त्या सगळ्यांचा कल प्रवाहाच्या दिशेने होता. नदीने स्वतःच आखून ठेवलेली ती पूररेषा होती. आदल्या संध्याकाळी त्याच काटक्यांवर आम्ही ओले मोजे वाळत घातले होते.

आपण ऑगस्टमध्ये जाणार आहात, त्यामुळे बर्फाच्या पाण्याची धास्ती आपल्याला नाही. तेव्हा धास्ती असते ती दुपारच्या वादळी पावसाची. जुलै-ऑगस्टमधल्या या पावसाला इकडचे लोक मान्सून म्हणतात, आणि महाबळेश्वरच्या पायथ्याला वाढलेल्या माणसाला ते ऐकून हसू येते, कारण बहुतेक दिवशी तो तासाभरात आटोपतो. पण दरी अरुंद, उतार उभे आणि जमीन खडकाळ असल्यामुळे त्या तासाभराचे पाणी एकदम खाली येते. 31 जुलै 1976 रोजी संध्याकाळी, कोलोरॅडो राज्याच्या शताब्दीच्या पूर्वसंध्येला, एस्टेस पार्कजवळ बिग थॉम्प्सन नदीच्या वरच्या अंगाला एक वादळ जागच्या जागी थबकले आणि काही तासांत सुमारे 12 इंच, म्हणजे 300 मिलिमीटर, पाऊस झाला. सुट्टीमुळे दरी पर्यटकांनी भरलेली होती. त्या पुरात 144 माणसे गेली. खालच्या भागात फारसा पाऊस पडतच नव्हता, त्यामुळे वरून काय येत आहे याची अनेकांना कल्पना आली नाही. आज या दऱ्यांतून गाडी चालवताना पूर आल्यास डोंगर चढून जीव वाचवा अशा अर्थाच्या पाट्या दिसतात. त्यांचा अर्थ शब्दशः घ्यावा: गाडीत बसून पाण्याच्या पुढे पळण्याचा प्रयत्न करू नये, गाडी सोडून सरळ वर चढावे. ज्या डोंगरावर अलीकडे वणवा लागून गेला आहे त्याच्या खालची जागा तर टाळावीच, कारण जळालेली माती पाणी जिरवत नाही. 2020 च्या कॅमेरॉन पीक वणव्यात दोन लाख एकरांहून अधिक जंगल जळाले आणि पुढच्याच जुलैमध्ये त्या भागातून पूडर नदीच्या दरीत चिखल आणि ओंडक्यांचा लोट येऊन चार जणांचा बळी गेला.

म्हणून माझा नियम असा आहे की तंबूतून नदी ऐकू यावी, पण दिसण्याचा आग्रह धरू नये. पाण्यापासून 200 फूट, म्हणजे मोठ्या माणसाची सुमारे 70 पावले, दूर राहावे असा इकडचा सर्वमान्य संकेत आहे आणि काही ठिकाणी तो सक्तीचाही आहे. मी तेवढी पावले मोजतो आणि त्याशिवाय पुरुषभर तरी चढ पाहतो. हा चढ दुसऱ्याही कारणाने उपयोगी पडतो. रात्री थंड हवा उतारावरून घरंगळत दरीच्या तळाशी साचते, त्यामुळे 9,000 फुटांवर ऑगस्टमध्येसुद्धा पाण्यालगतच्या तंबूत पहाटे हुडहुडी भरते आणि आतल्या कापडावर इतके दव धरते की कूस बदलली तरी अंगावर थेंब पडतात. वीस-पंचवीस फूट वर, झाडांच्या आडोशाला, तीच रात्र सुसह्य होते. आणखी एक कारण म्हणजे मूस, हरणाच्या कुळातला एक प्रचंड प्राणी. 1978 मध्ये हा प्राणी या राज्यात बाहेरून आणून सोडण्यात आला आणि आता तो नदीकाठच्या विलोच्या दाट झुडपांत हमखास सापडतो. त्याचे वजन घोड्याएवढे असते, स्वभाव तापट असतो, आणि पिल्लू जवळ असलेल्या मादीच्या वाटेत येण्यापेक्षा अस्वल परवडले असे इथले जुने लोक म्हणतात. मुलाला त्या झुडपांत एकट्याने खेळू देऊ नका.

झाडाखाली तंबू लावताना एकदा मान वर करून पाहावे. बीटल किड्याने मारलेले लॉजपोल पाइन इथे डोंगरचे डोंगर उभे आहेत, आणि तपकिरी, बिनपानांचे झाड वारा सुटला की सूचना न देता पडते.

सध्याच्या हवामानात शेकोटी धरूनच चालू नये. पहिल्या टप्प्याचे अग्निनिर्बंध लागू झाले की बांधीव कॅम्पग्राउंडमधल्या लोखंडी कड्यांखेरीज कुठेही लाकडे पेटवता येत नाहीत, म्हणजे फुकटच्या जागेवर चूल पूर्ण बंद. बंद करण्याची चावी असलेली गॅसची शेगडी तेव्हाही चालते. तिच्यावर स्वयंपाक करताना लक्षात ठेवा की त्या उंचीवर पाणी सुमारे 91 अंशांनाच उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यात तुरीची डाळ तासभर नाचते पण शिजत नाही. आम्ही दोन लिटरचा लहान कुकर नेतो. शेजारच्या तंबूतले लोक शिट्टी ऐकून चमकतात, पण वास सुटल्यावर विचारपूस करायला येतात. तोच वास अस्वलांनाही आवडतो, हे मात्र विनोदाने घेऊ नये. कोलोरॅडोत काळी अस्वले भरपूर आहेत आणि कुलूप न लावलेल्या मोटारीचे दार त्यांना उघडता येते. तूप, लोणचे, टूथपेस्ट, साबण, मुलाच्या खिशातली चिक्की, यातले काहीही तंबूत ठेवू नका. अस्वलाला उघडता न येणाऱ्या घट्ट झाकणाच्या डब्यात हे सर्व घालून तो तंबूपासून शंभर पावलांवर ठेवा किंवा निदान काचा वर करून कुलूपबंद गाडीत ठेवा.

नदीचे पाणी आरशासारखे स्वच्छ दिसले तरी तसेच पिऊ नये. जिआर्डिया नावाचा परजीवी या थंड पाण्यात आरामात टिकतो, आणि पोट बिघडते ते घरी परतल्यावर आठवड्याभराने, त्यामुळे कारण लक्षातही येत नाही. पाणी उकळायचे असेल तर 6,500 फुटांहून उंच ठिकाणी ते तीन मिनिटे खळखळ उकळावे. गाळणी वापरत असाल तर रात्री ती झोपण्याच्या पिशवीत घेऊन झोपा, कारण आतले पाणी एकदा गोठले की तिच्या बारीक नळ्या फुटतात आणि बाहेरून काही दिसत नाही. वडील बरोबर आहेत म्हणून मी तर घरूनच पाण्याचे दोन मोठे कॅन भरून नेले असते. शौचाची सोय हा आपण न विचारलेला, पण वडिलांच्या मनात असणारा प्रश्न आहे. पाण्यापासून तीच 70 पावले दूर जाऊन, लहान फावड्याने सहा ते आठ इंच खोल खड्डा करावा आणि नंतर मातीने बुजवावा. कागद पिशवीत घालून परत आणावा. गुडघे दुखत असतील तर घडीचा कमोड मिळतो, तो घ्या आणि त्याबद्दल संकोच करू नका.

वडील भारतातून नुकतेच आले असतील तर त्यांना आधी आठवडाभर डेन्व्हरमध्येच राहू द्या, कारण डेन्व्हर स्वतः 5,280 फुटांवर आहे आणि तिथून एकदम 9,000 फुटांवर झोपायला नेल्यास डोकेदुखी व निद्रानाश जवळजवळ ठरलेला. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेऊ नका. पहिल्या खेपेला एकच रात्र ठेवा, ती शनिवार-रविवारची नसावी, आणि दुपारी एकच्या आत तंबू उभा होईल अशा बेताने निघा, म्हणजे रोजचे वादळ येईल तेव्हा आपण आडोशाला असाल. निघण्याच्या आदल्या दिवशी त्या विभागाच्या रेंजर कार्यालयाला फोन करा. आगीचे निर्बंध कोणत्या टप्प्याचे आहेत, तो रस्ता साध्या मोटारीला जमेल का आणि त्या दरीत अलीकडे अस्वलाचा उपद्रव झाला आहे का, हे तीन प्रश्न विचारले की फोनवरचा माणूस बहुधा आपणहून एखादी चांगली जागाही सुचवतो. मला माझी सर्वांत आवडती जागा अशाच एका फोनवर कळली.