शालीआधी पत्र मागा

प्रश्न : आम्ही ऐरोलीत राहतो. मुलगी एस.वाय.बी.कॉम.ला आहे. बुद्धिबळात तिचं फिडे (जागतिक बुद्धिबळ महासंघ) रेटिंग सोळाशेच्या आसपास आहे. गेली दोन वर्षं ती तिच्याच जुन्या मराठी शाळेत आठवड्यातून तीन दुपारी मुलांना बुद्धिबळ शिकवते. मानधन नावापुरतं. यंदा तिच्याकडे शिकणाऱ्या दोन मुली १४ वर्षांखालच्या गटात महापालिकेच्या स्पर्धेतून विभागीय पातळीपर्यंत पोचल्या. शाळेच्या स्नेहसंमेलनात त्या मुलींचा आणि क्रीडाशिक्षकांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. माझी मुलगी प्रेक्षकांत बसली होती, तिचं नावही कोणी घेतलं नाही. घरी येऊन खूप रडली. आता म्हणते, एक तर त्या शाळेत पाऊल ठेवणार नाही, नाहीतर कॉलेज सोडून पूर्णवेळ कोचिंगच करून दाखवते. तिचे बाबा म्हणतात, सत्कारासाठी काय भांडायचं! यात खरंच करिअर आहे का? आणि नाव मागणं हा कोतेपणा आहे का?
— एक आई, ऐरोली

ताई, नमस्कार.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तुमच्या घरात सध्या तोच धुमसतोय. नाव मागणं हा कोतेपणा मुळीच नाही. कॉलेज सांभाळून दोन वर्षं जिनं दुपारी शाळेत जाऊन या मुली तयार केल्या, तिचं नाव त्या मंचावरून घेतलं जायलाच हवं होतं. तिच्या रडण्याला हळवेपणा म्हणू नका, आणि तिच्या बाबांनाही म्हणू देऊ नका. केलेल्या कामाचं माप कुणी घेतलंच नाही, याचं ते दुःख आहे.

क्रीडाशिक्षकांचा सत्कार झाला, तो मात्र योग्यच झाला. शालेय स्पर्धेला मुलं उतरवायची म्हणजे नोंदणी, जन्मतारखेचे दाखले, मुख्याध्यापकांच्या सह्या, स्पर्धेच्या सकाळी सगळ्यांना गोळा करून नेणं आणि संध्याकाळी प्रत्येकीला तिच्या घरच्यांच्या ताब्यात देईपर्यंतचा घोर. हे सगळं सरांच्या डोक्यावर असतं. जिथे दोघांना बोलवायचं तिथे एकालाच बोलावलं, एवढीच चूक. म्हणून तुमच्या लेकीनं सरांशी अबोला धरू नये. पुढे जे सांगणार आहे त्यात सरांचीच मदत सर्वांत जास्त लागेल.

नागपूरची दिव्या देशमुख तुम्हाला माहीत असेलच. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला तिनं महिलांचा विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या निर्णायक डावांत, हरवलं आणि त्याच विजयानं ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. नागपुरात परतल्यावर तिनं हे यश अर्पण केलं ते आपले पहिले प्रशिक्षक राहुल जोशी यांना. ते २०२० मध्येच वारले होते. वरच्या पातळीवर पोचलेल्या खेळाडूला मोठमोठे मार्गदर्शक मिळत जातात. पण सहा-सात वर्षांच्या मुलीला पटासमोर बसायला शिकवणारा माणूस वेगळा असतो, आणि तो बहुतेक वेळा शाळेच्या किंवा सोसायटीच्या एखाद्या खोलीत, कुणाला न दिसता शिकवत असतो. तुमची लेक आज ते काम करते आहे. आपल्या देशानं प्रशिक्षकांसाठी द्रोणाचार्य पुरस्कार सुरू केला १९८५ मध्ये, आणि १९८६ चा पुरस्कार मिळालेल्यांत बुद्धिबळाचे प्रशिक्षक रघुनंदन गोखले होते. या खेळात शिकवणाऱ्याचा मान नवा नाही. तो शाळेपर्यंत पोचलेला नाही, इतकंच.

आता नेमकं मागायचं काय? माझं मत स्पष्ट आहे. शाल मागू नका, पत्र मागा.

शाल कपाटात जाते. शाळेच्या लेटरहेडवरचं, जावक क्रमांक आणि तारीख टाकलेलं, मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचं पत्र पुढच्या प्रत्येक दारात चालतं. दुसऱ्या शाळेत, अकादमीत, उद्या स्वतःचा वर्ग काढायचा झाला तर पालकांपुढेही. या पत्रात ‘उत्तम सहकार्य केले, उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा’ असली मोघम वाक्यं नकोत. साधारण असा मजकूर हवा : ‘कुमारी अमुक या आमच्या माजी विद्यार्थिनी अमुक महिन्यापासून शाळेत आठवड्यातून तीन दिवस इयत्ता पाचवी ते आठवीच्या इतक्या विद्यार्थ्यांना बुद्धिबळाचे प्रशिक्षण देत आहेत. त्यांच्या मार्गदर्शनाखाली शाळेच्या दोन विद्यार्थिनींनी चालू शैक्षणिक वर्षाच्या शालेय स्पर्धेत १४ वर्षांखालील मुलींच्या गटातून विभागीय पातळीपर्यंत मजल मारली.’ वर्ग, वार, मुलांची संख्या, स्पर्धेची पातळी, हे सगळं त्यात आलं पाहिजे. मसुदा तिनंच करून न्यावा. मुख्याध्यापकांना वेळ नसतो, आणि तयार मसुदा समोर आला की सही लवकर होते. सोबत दोन ओळींची विनंती : शाळेच्या वार्षिक अहवालात आणि यशस्वी खेळाडूंच्या फलकावर क्रीडाशिक्षकांच्या नावाखाली प्रशिक्षक म्हणून आपलंही नाव यावं. अर्ज तिच्या सहीचा असू द्या, तुमच्या नाही. तुम्ही गेलात तर ती पालकाची तक्रार होते. ती गेली तर ते एका प्रशिक्षकाचं म्हणणं ठरतं. आधी सरांना दाखवा, त्यांच्या शिफारशीनं पुढे जाऊ द्या. मे महिन्याच्या सुट्टीआधी हे उरकलं पाहिजे. जूनमध्ये शाळा प्रवेशात आणि पुस्तकांत बुडालेली असते.

इथून पुढचं तिला वाचायला द्या.

बेटा, तुझा राग मला कळतो. पण कॉलेज सोडायचं नाही. डिग्रीला आता वर्ष-दीड वर्षच राहिलंय, आणि पुढच्या कितीतरी वाटा ती हातात असल्याशिवाय उघडतच नाहीत.

खेळाडू म्हणून आधी स्वतःशी खरं बोल. अठरावं ज्या वर्षी पूर्ण होतं ते वर्ष संपेपर्यंत, रेटिंग २३०० च्या आत असेल तर फिडेचा के-गुणक, म्हणजे निकालानुसार रेटिंग किती हलेल ते ठरवणारा आकडा, ४० असतो. त्यानंतर तो २० होतो. म्हणजे बरोबरीच्या खेळाडूला हरवल्यावर पूर्वी २० गुण मिळायचे, आता १० मिळतील. रेटिंग तुझं यापुढे पूर्वीच्या निम्म्या वेगानं हलणार. विमेन कँडिडेट मास्टर या किताबाला २००० रेटिंग लागतं, फिडे मास्टरला २३००. स्वतःच्या खेळावर करिअर उभं करायचं तर हे अंतर फार मोठं आहे, आणि हे तुला कुणीतरी सरळ सांगायला हवं. खेळणं सोडू नकोस. वर्षाला दोन-तीन रेटेड स्पर्धा खेळतच राहा, कारण पटावर घाम न गाळणारा प्रशिक्षक लवकर शिळा होतो.

शिकवण्याची शिडी मात्र वेगळी आहे, आणि तिची खालची पायरी तुझ्या पायाखाली आहे. फिडेच्या शिक्षणविषयक आयोगाचा शाळेत बुद्धिबळ शिकवणाऱ्यांसाठी अभ्यासक्रम आहे, त्यातून ‘स्कूल इन्स्ट्रक्टर’ हा किताब मिळतो. प्रशिक्षकांची मुख्य शिडी वेगळी : डेव्हलपमेंटल इन्स्ट्रक्टर, नॅशनल इन्स्ट्रक्टर, फिडे इन्स्ट्रक्टर, फिडे ट्रेनर आणि सर्वांत वर फिडे सीनियर ट्रेनर. सेमिनार करायचं, परीक्षा द्यायची, फी भरायची. वरच्या पायऱ्यांना रेटिंग आणि शिष्यांची कामगिरी दोन्ही मोजतात, म्हणून तुझ्या मुलींचे निकाल आजपासून कागदावर हवेत. मी तुझ्या जागी असते तर या वर्षी स्कूल इन्स्ट्रक्टर केलं असतं. सोबत पंचांच्या परीक्षेचीही तयारी कर. ठाणे-नवी मुंबईत शनिवार-रविवारी कुठे ना कुठे रॅपिड (कमी वेळाच्या डावांची) स्पर्धा असतेच, तिथे पंच लागतात आणि त्यांना मानधन मिळतं. पेअरिंग (कोण कुणाशी खेळणार) कसं लागतं, गुण सारखे झाले तर टायब्रेकनं क्रम कसा निघतो, घड्याळावरून वाद झाला तर निर्णय कसा द्यायचा, हे आतून कळलं की शिकवणंही सुधारतं.

शाळेत कायम नोकरी हवी असेल तर पदवीनंतर बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) करावं लागेल. त्याच्या सीईटीत मैदानी चाचणीही असते, आणि अनुदानित शाळांत क्रीडाशिक्षकांच्या जागा मोजक्याच निघतात. शिवाय क्रीडाशिक्षकाला कबड्डी, खो-खो, कवायत, सगळंच घ्यावं लागतं. तुला मैदानाची ओढ नसेल तर निव्वळ बुद्धिबळासाठी त्या वाटेला जाऊ नकोस. तुझ्यासाठी जास्त शक्य वाटतं ते असं : एक-दोन शाळांत ताशी दरानं वर्ग, घोडबंदर रोड किंवा खारघरसारख्या भागातल्या सोसायट्यांच्या क्लब हाऊसमध्ये संध्याकाळचे गट, आणि थोडं ऑनलाइन. डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला गुकेश अठराव्या वर्षी विश्वविजेता झाला, तेव्हापासून माझ्याकडेच चौकशीला येणारे पालक वाढलेत. पण हे उत्पन्न बारा महिने सारखं नसतं. मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा आल्या की मुलं गळतात, मेमध्ये शिबिरांना गर्दी होते, जून पुन्हा कोरडा. बी.कॉम. तुला इथेच उपयोगी पडेल. पहिल्या दिवसापासून हिशेब लिही, पावती दे, आणि शाळेशीही ‘मानधन बघू नंतर’ असं न ठेवता ताशी दर ठरवून घे. नावापुरत्या पैशांत काम करत राहिलीस, तर पुढच्या वर्षीही स्नेहसंमेलनाच्या यादीत तू बसणार नाहीस. ज्याला पैसे देतात त्याची नोंद ठेवावी लागते.

एक वही कर. प्रत्येक मुलाचं एक पान. मुलांच्या स्कोअरशीट, म्हणजे डावातल्या खेळ्या लिहायचे कागद, जमा कर आणि नीट बघ. पाचवीतल्या एखाद्या मुलाचं अक्षर दहा खेळ्यांपर्यंत सुबक असतं, अकराव्या खेळीला घोडा फुकट जातो, त्यानंतर अक्षर वाकडं होतं, आणि पंधराव्यानंतर कागद कोराच असतो. तो डाव त्यानं पटावर हरण्याआधी तिथे हरलेला असतो. अशा मुलाला पुढच्या तासाला ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या खेळ्या) शिकवून काही होत नाही. घोडा गेल्यावरही सगळ्या खेळ्या लिहायला शिकवावं लागतं. महिन्याभरानं त्यानं हरलेल्या डावाचा कागद शेवटपर्यंत भरून आणला, तर त्याला सगळ्या वर्गासमोर उभं कर आणि त्याचं नाव घे. सत्कार कसा करायचा हे तुझ्या वर्गापासून सुरू होऊ दे. विभागीय पातळीवर गेलेल्या दोघींचं कौतुक शाळेनं केलं, ते चांगलंच झालं. पण तीस मुलांत अठ्ठावीस अशी आहेत ज्यांचं नाव कुठल्याच मंचावर येणार नाही, आणि ती टिकली तरच तुझा वर्ग टिकणार आहे.

आणि त्या दोघींना सांभाळ. आपल्याकडे लहान मुलांचे फोटो चौकातल्या फ्लेक्सवर लावायची फार घाई होते. कौतुक करणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, पण तेरा वर्षांच्या मुलीला पुढची स्पर्धा त्या फ्लेक्सखाली बसून खेळावी लागते. हरली की ती आधी लोकांचा विचार करते, डावाचा नंतर. तिच्या आईबाबांशी तू बोल. तुझं ऐकतील.

ताई, शेवटचं पुन्हा तुम्हाला, कारण कागदपत्रांची शिस्त घरातली मोठी माणसंच लावतात. त्या दोन मुलींच्या पालकांना निरोप द्या की विभागीय स्पर्धेची प्रमाणपत्रं मूळ स्वरूपात जपून ठेवा. नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी जुळते का ते आत्ताच बघा. जिल्हा क्रीडा कार्यालयाकडून दुरुस्ती करून घ्यायची तर वर्ष ताजं असतानाच सोपं जातं. दहावीला बोर्ड खेळाडूंना स्पर्धेच्या पातळीनुसार जादा गुणांची सवलत देतं. तो प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडून बोर्डाकडे जातो. खाजगी, रोख बक्षिसांच्या खुल्या स्पर्धांची प्रमाणपत्रं तिथे चालत नाहीत, कितीही मोठा चषक मिळालेला असो. पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पण शालेय पातळीवरच्या नुसत्या सहभागावर ते मिळत नाही आणि प्रमाणपत्रांची पडताळणी होते. त्यामुळे आज कुणी त्या मुलींच्या घरच्यांना ‘नोकरी पक्की झाली’ असं सांगत असेल, तर त्यावर विसंबू नये.

तुमच्या लेकीनं पत्राचा मसुदा केला की मला पाठवायला सांगा. मी वाचून, लागल्यास दुरुस्त करून दोन दिवसांत परत पाठवते.