सोनोग्राफीत मुतखडा दिसला, मग सीटी स्कॅन कशाला?

वडिलांचा ९ मिमीचा खडा कोथरूडला सोनोग्राफीत दिसला, तरी युरॉलॉजिस्टनी सीटी लिहून दिला, असं तुम्ही म्हणताय. तो उगाच खर्च नाही. सोनोग्राफीत खड्याचं माप बरेचदा फुगतं, आणि मूत्रनलिकेच्या मध्यातला खडा तर निसटूही शकतो. सीटीत घनताही कळते. रिपोर्टमध्ये ‘एचयू’ (हाउन्सफील्ड युनिट, म्हणजे घनतेचं माप) शोधा. १००० च्या वर असेल तर बाहेरून लहरी मारून तो फुटेलच असं नाही, दुर्बिणीतून लेझर बरा. ५०० च्या आत असेल तर युरिक ॲसिडचा असू शकतो, तो कधीकधी नुसत्या औषधाने विरघळतो! ड्युअल एनर्जी सीटीत (दोन वेगवेगळ्या ऊर्जेच्या क्ष-किरणांनी केलेल्या स्कॅनमध्ये) खडा कशाचा आहे हे आणखी नीट कळतं. खडा बघायला डायचं इंजेक्शन सहसा लागत नाही. लो-डोस (कमी किरणोत्सर्गाचा) सीटी करतात का, तेवढं सेंटरला आधी विचारा. खड्यावर उपाय म्हणून बिअर सुचवणाऱ्या काकांना मात्र लांबूनच नमस्कार.