"बाई, ह्यात बेरीज हाय का वजाबाकी?"

प्रश्न : माझी मुलगी चौथीत आहे. पाढे पाठ, हातच्याची बेरीज-वजाबाकी बिनचूक. पण शाब्दिक उदाहरण आलं की नीट वाचायच्या आधीच विचारते, "मम्मी, बेरीज का वजाबाकी?" तेवढं सांगितलं की झटक्यात सोडवते. परवाच्या चाचणीत होतं : 'गुऱ्हाळावर आज गुळाचे ४२ रवे झाले. ते कालच्यापेक्षा १५ ने जास्त आहेत. काल किती रवे झाले?' तिनं ५७ लिहिलं. काय करू?
– एक आई, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : ताई, करवीर तालुक्यातल्या शाळांत ३१ वर्षं मी हेच ऐकलं, "बाई, ह्यात बेरीज हाय का वजाबाकी?" तुमची लेक गणितात कच्ची नाही. 'जास्त' दिसलं, तिनं मिळवलं. ही सवय आम्ही शिक्षकच लावतो. नोकरीच्या सुरुवातीला मी वर्गात तक्ता टांगला होता : 'एकूण, मिळून, जास्त – बेरीज. उरले, कमी, फरक – वजाबाकी.' पोरं उदाहरण वाचायचीच थांबली. शब्द हुडकायचा, दोन आकडे उचलायचे, झालं. दोन वर्षांनी तक्ता उतरवला, पण त्या मुलांचं मला आजही वाईट वाटतं.

हे फक्त आपल्याकडंच होतं असं नाही. १९८० च्या सुमारास फ्रान्समधल्या ग्रेनोबलला लहान मुलांना विचारलं होतं : जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी त्याच आकड्यांतून वय काढून दिलं.

आज संध्याकाळी एवढं करा. पेन्सिल बाजूला ठेवा. दोन्ही आकड्यांवर बोट ठेवून तिला वाचू दे : 'आज काही रवे झाले, ते कालच्यापेक्षा जास्त.' मग विचारा, जास्त कधी झाले, काल का आज? ती 'आज' म्हणेल. आता वहीत दोन पट्ट्या काढू दे, आजची लांब, कालची आखूड. लांब पट्टीवर ४२ लिहायचे, तिचा जो तुकडा पुढं आलाय त्यावर १५. कालचे २७ तिला समोर दिसतील, क्रिया तुम्हाला सांगावी लागणार नाही. ५७ का चुकलं तेही तिलाच तपासू दे : काल ५७ आणि आज ४२, मग आजचे जास्त कसे? दिवसाला असं एकच उदाहरण पुरे. दहा-दहा सोडवून घेऊ नका.

आठवड्याभरानं तिलाच उदाहरण रचायला सांगा. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं रचलं होतं : 'आमच्या म्हशीनं सकाळी ६ लिटर दूध दिलं, संध्याकाळी २ लिटर कमी दिलं. डेअरीला ७ लिटर घातलं. घरात किती राहिलं?' निम्मी पोरं ६ मधून २ काढून ४ वर आली, आणि ४ लिटरमधलं ७ लिटर डेअरीला कसं घालायचं म्हणून अडून बसली. ज्यांच्या दारात म्हैस होती त्यांनी आधी दोन्ही वेळचं दूध एकत्र केलं, १० लिटर, आणि ३ लिटर घरात ठेवलं.