पुढच्या जूनचा संघ

प्रिय मुली,

फोटो पोचला. ट्रॉफी धरून मधोमध तू, गुडघ्याला पट्टी, आणि मोज्यांवर वाळलेला चिखल. घरात सगळ्यांना दाखवला. फुटबॉलच्या आठ सामन्यांत एकच हार, आणि तीही टायब्रेकरवर, म्हणजे बरोबरीनंतरच्या पेनल्टींवर! खूप खूप अभिनंदन.

सेमीफायनलचा तो गोल अजून डोळ्यांसमोर आहे. कॉर्नर उचलला गेला, तुमची स्टॉपर, म्हणजे मधली बचावपटू, जवळच्या खांबाकडे धावली, दोन डिफेंडर तिच्यामागे ओढल्या गेल्या आणि तुला हेडर मारायला मोकळी जागा मिळाली. पावसाळाभर तुम्ही हाच कॉर्नर घोटत होतात. सराव करायचा तर समोर कुणीतरी डिफेन्स करायला लागतं, धक्के खायला लागतात. ते काम बेंचवरच्या मुलींनी केलं. फोटोत त्या कडेला, अर्ध्या कापल्या गेल्यात.

त्यांच्याबद्दलच लिहायला बसले आहे. फोटोतल्या अकरांपैकी सात जणी टी.वाय.च्या, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या. परीक्षा झाली की त्या गेल्या. कॉलेजच्या संघाचं हेच अवघड असतं. क्लबचा संघ वर्षानुवर्षं टिकतो, आपला दर तीन वर्षांनी पुरता बदलतो. पुढच्या वर्षी कॅप्टन तूच असणार, म्हणून आत्ताच सांगते.

आम्ही ठाण्यात जिंकलो होतो, तेव्हा मी गोली, म्हणजे गोलकीपर, होते. एका सामन्यात आम्ही 4-0 ने पुढे होतो, दहा मिनिटं राहिली होती. सरांनी विचारलं, दुसरीला उतरवू का? मी नको म्हणाले. क्लीन शीट, म्हणजे एकही गोल न खाता संपवलेला सामना, मला स्वतःच्या नावावर हवी होती. ती मुलगी हंगामभर गोलच्या मागे उभी राहून आमचे बाहेर गेलेले बॉल आणून देत होती. त्या वर्षी तिला एक मिनिटही खेळायला मिळालं नाही. पुढच्या जूनमध्ये ती मैदानावर आलीच नाही. आणखी तिघी-चौघींनीही पाठ फिरवली. संघ भरला नाही, एन्ट्रीच गेली नाही. सरांना मी दिलेला तो नकार मला आजही सलतो.

संख्या कमी पडली की काय होतं, हे आपल्या नेरूळनेही पाहिलंय. 2022 चा महिला आशियाई चषक आठव. 20 जानेवारीला डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताने इराणशी 0-0 बरोबरी केली. 23 तारखेला चायनीज तैपेईशी सामना होता. पण संघात कोरोना इतका पसरला की नियमाला लागणाऱ्या 13 खेळाडूही उभ्या राहू शकल्या नाहीत. घरच्या मैदानावरची स्पर्धा, आणि आपण एकही सामना न हरता बाहेर. दोष कुणाचाच नव्हता, तरी त्या दिवशी मी खूप रडले. फायनल त्याच मैदानावर झाली. मध्यंतराला कोरिया 2-0 ने पुढे होता, पण चीनने 3-2 ने चषक नेला. भरपाई वेळेतला तो शेवटचा गोल बदली म्हणून उतरलेल्या शाओ युयीचा.

तेव्हा या सुट्टीत दोन कामं कर. जाणाऱ्या सातही जणींना प्रत्येकी एक ज्युनिअर सोपव. थ्रो कुठे टाकायचा, ऑफसाइडची लाइन कधी वर न्यायची, कॉर्नरला कोणी कोणाला धरायचं, हे सगळं त्यांनी मैदानावर उभं राहून शिकवायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर नाही! आणि जूनपासून सरावाच्या प्रत्येक सामन्यात बेंचवरच्यांना पूर्ण हाफ दे. त्यापायी हरलात तरी चालेल. सर कुरकुरतील, त्यांच्याशी मी बोलेन.

दुसऱ्या गोलीकडे मात्र जास्त लक्ष दे. पहिलीला रेड कार्ड मिळालं, बोट मोडलं, तर त्या क्षणी हीच लागणार. मी तिला वॉर्मअपला पाहिलंय. हात चांगले आहेत, पण क्रॉस, म्हणजे कडेने गोलसमोर टाकलेला बॉल, आला की पाय लाइनवरच खिळतात. भीती आहे ती, आणि ती फक्त खेळूनच जाईल.

शनिवारी सकाळी साडेसहाला तिला घेऊन मैदानावर ये. ठाण्याहून पहिल्या गाड्यांपैकी एखादी पनवेल लोकल पकडून मी पोचते. बॉल तू आण, क्रॉस मी टाकेन. तिचे ग्लोव्हज तळव्याला फाटलेत, माझी जुनी जोडी तिला बसते का बघू.

तुझी,
ताई