दारातून परत गेलेला मित्र

प्रश्न: माझा धाकटा भाऊ २१ वर्षांचा आहे. दीड वर्षापूर्वी एका भांडणानंतर त्याला वसतिगृहातून काढून टाकलं. चूक त्याची नव्हती, असं तो म्हणतो. तेव्हापासून घरीच असतो. आधी नुसता चिडायचा, आता सारखं ‘ते लोक’, ‘त्यांना धडा शिकवला पाहिजे’ असं चालतं. पेहराव बदललाय, केस वाढवलेत, रात्रभर कुठल्याशा ग्रुपवर असतो. मध्यंतरी एका हल्ल्याची बातमी आली तेव्हा म्हणाला, “निदान त्याने काहीतरी करून तरी दाखवलं.” गेले पंधरा दिवस मात्र एकदम शांत आहे, म्हणून आईबाबांना वाटतं निवळलं. शाळेपासूनचा एक मित्र दोनदा येऊन गेला, पण आईला ती संगत कधीच पसंत नव्हती, तिने त्याला दारातूनच परत पाठवलं. भावाचा फोन काढून घ्यावा का?
— थोरली

थोरले,

तुझं पत्र चार पानी, इथे थोडक्यात छापलंय. त्यातलं दीड पान कपडे आणि केसांवर गेलंय. मित्राच्या वाट्याला एक वाक्य आलंय, तेही आईच्या नापसंतीच्या ओघात. मी त्या वाक्यापाशी थांबले ती अजून तिथेच आहे.

एकदा दारातून परत पाठवलेला मुलगा पुन्हा त्याच दारात का येतो? तुझा भाऊ जुन्या कुणाशी बोलत नाही, आपण या घरात नकोसे आहोत, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. तरी आला. तुमच्यापैकी एकाने तरी विचारलं का, “काय रे, काय झालं?”

अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने आणि तिथल्या शिक्षण खात्याने १९७४ ते २००० या काळातले शाळांमधले ३७ हल्ले तपासले आणि २००२ मध्ये अहवाल काढला. ८१ टक्के घटनांत काय शिजतंय हे आधीच कुणाला तरी कळलेलं होतं, निम्म्याहून जास्त घटनांत तर एकाहून अधिक जणांना. हे ‘कुणीतरी’ म्हणजे जवळजवळ प्रत्येक वेळी मित्र, वर्गातली मुलं किंवा भावंडं. ज्याच्यावर हल्ला करायचा त्यालाच थेट धमकी देणारे हल्लेखोर मात्र फक्त १७ टक्के. म्हणजे जो करणार असतो तो शत्रूला नाही सांगत, दोस्ताला सांगतो. मोठ्यांच्या दहशतवादातही फार वेगळं नाही. एकट्याने दहशतवादी कट रचणाऱ्या ११९ जणांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सुमारे ६४ टक्के जणांचा इरादा घरच्यांना किंवा मित्रांना आधी माहीत होता, कारण त्यांनी तो स्वतःच बोलून दाखवला होता.

मग ही माणसं गप्प का बसतात? शाळांच्या त्याच अभ्यासाचा पुढचा भाग २००८ मध्ये आला, तो ज्यांना आधी कळलं होतं त्यांच्याशी बोलून केलेला होता. कुणाला वाटलं हा नुसत्या बाता मारतोय. कुणाला वाटलं अजून वेळ आहे. आणि काहींना खात्री होती, सांगायला गेलो तर आपल्यालाच झापतील. तुझ्या आईने त्या मुलाला ही खात्री दोनदा करून दिली आहे. ती घाबरलेली आहे, सगळं मान्य, पण आज तिची समजूत काढत बसायला मला सवड नाही आणि तुलाही नाही.

घरच्यांना दिसत नाही ते बाहेरून आलेल्याला दिसतं, हे काही नवं नाही. टपालाने बॉम्ब पाठवून किंवा स्वतः पेरून तिघांचा जीव घेणाऱ्या आणि २३ जणांना जखमी करणाऱ्या टेड कझिन्स्कीला पोलीस १७ वर्षं शोधत होते. पहिला संशय आला तो भावजयीला, लिंडाला. टेडला ती कधी भेटलीही नव्हती. तिचा नवरा डेव्हिड, टेडचा सख्खा भाऊ, आधी मानायलाच तयार नव्हता. १९९५ मध्ये टेडचा लांबलचक निबंध वर्तमानपत्रात छापून आला तेव्हा त्याने तो वाचला, जुनी पत्रं काढून ताडून पाहिली आणि मग जड मनाने तपासयंत्रणेपर्यंत गेला. १९९६ च्या एप्रिलमध्ये टेड पकडला गेला.

आता ते शांत पंधरा दिवस. राग ओसरलेला माणूस आणि मनाशी काही ठरवून मोकळा झालेला माणूस बाहेरून सारखेच दिसतात. ठरवलेलं दुसऱ्यांच्या जिवाबद्दल असेल किंवा स्वतःच्या. म्हणून ‘निवळलं’ हा शब्द घरात कुणी काढला तर मान डोलावू नकोस. केस आणि कपडे सोडून दे, त्यावरून काहीही कळत नाही. स्वतःच्या अपमानाचं खापर अख्ख्या ‘त्या लोकां’वर फुटलंय, एका खुन्याचं कौतुक झालंय आणि मग ही शांतता आलीय, त्या क्रमाने मला घोर लागलाय. फोन अजिबात काढून घेऊ नकोस. घरचेही त्यांच्यातलेच, असं त्याला वाटेल, आणि तो काय करतोय हे तुला कळायचंही बंद होईल.

तू फोन करायचास तो त्या मित्राला. आज रात्रीच. “आईने तुला परत पाठवलं, चुकलं आमचं. तू काय सांगायला आला होतास?” एवढंच विचार आणि मग गप्प राहा, कितीही वेळ लागला तरी. मध्येच भावाची बाजू घेऊ नकोस. मित्राच्या तोंडून एखादी जागा, एखादा दिवस, एखादं हत्यार, कुणाचं नाव, किंवा ‘निरोप घेतल्यासारखं बोलत होता’ असं काही निघालं, तर त्याला बरोबर घे आणि त्याच पावली पोलिसांकडे जा. तिथे आपले अंदाज सांगू नकोस, पाहिलं-ऐकलं ते सांग. घरी विचारायला जाऊ नकोस, ते उद्यावर ढकलतील. पोलिसांत गेले तर भावाचं आयुष्य बरबाद होईल, असं तू शेवटच्या पानावर लिहिलंयस. अजून त्याच्या हातून काहीही घडलेलं नाही, थोरले. जायचं ते आत्ताच.

आणि त्या मुलाकडे सांगण्यासारखं काहीच नसेल, नुसती मित्राची आठवण येत असेल, तर दुसऱ्या दिवशी त्याला जेवायला बोलाव. भावाशी बोलू शकेल असं तुमच्या घरात सध्या दुसरं कुणी नाही.

त्याचा नंबर माझ्याकडे नाही, असं म्हणू नकोस. आईकडे आहे. धाकटा शाळेतून उशिरा आला की ती त्यालाच फोन लावायची, हे तूच पहिल्या पानावर लिहिलंयस.