नुसते “येस” पुरत नाही

प्रश्न (रावेर) : केळी निर्यात करणाऱ्या पॅकहाउसमध्ये मी हिशेब पाहतो. परदेशी ग्राहकाने फोनवर “हॅवन्ट यू लोडेड द कंटेनर?” असे विचारले. कंटेनर रिकामाच होता, म्हणून मी “येस” म्हटले. त्याने तो भरला असे समजून पुढची कागदपत्रे मागितली. असे का झाले?

उत्तर : “अजून भरला नाही का?” असे कोणी विचारले, तर मराठीत आपण “हो, नाही भरला” असे सहज म्हणतो, कारण आपला होकार विचारणाऱ्याच्या अंदाजाला असतो. इंग्रजीत प्रश्न होकारार्थी होता की नकारार्थी, याला महत्त्व नाही. उत्तरातले क्रियापद नकारार्थी असेल तर “नो”, एरवी “येस”. म्हणून कंटेनर भरला नसेल तर “नो, वी हॅवन्ट” आणि भरला असेल तर “येस, वी हॅव”. “येस, वी हॅवन्ट” असे उत्तर इंग्रजीत बसत नाही. फोनवर नुसत्या “येस”वर कधीच थांबू नये. सहायक क्रियापद जोडावेच, आणि व्यवहार मोठा असेल तर “वी विल लोड इट टुमॉरो” असे पूर्ण वाक्यही बोलून मोकळे व्हावे.

प्रश्न (अमळनेर) : “डू यू लाइक भरीत?” याला माझी मुलगी “येस, आय लाइक” म्हणते आणि “आर यू रेडी?” याला “येस, आय’म”. हे चालेल का?

उत्तर : दोन्ही चालणार नाहीत. “लाइक”ला कर्म लागते, म्हणून “येस, आय डू”. दुसऱ्या उत्तरात “ॲम” पूर्ण उच्चारावे, कारण वाक्याच्या शेवटी आलेल्या होकारार्थी सहायक क्रियापदाचा संक्षेप होत नाही. “नो, आय’म नॉट” मात्र बरोबर आहे.

प्रश्न (शहादा) : अर्ज मिळालाच नाही, असे कार्यालयाने कळवले. मी “आय डिड सबमिटेड इट” असे लिहिले. ते योग्य आहे का?

उत्तर : जोर देण्यासाठी “डिड” योजलेत हे उत्तम, पण भूतकाळ “डिड”मध्येच आल्यामुळे पुढे मूळ रूप हवे : “आय डिड सबमिट इट”. वाक्यात सहायक क्रियापद आधीच असेल, तर वेगळे “डू” न आणता त्याच्यावरच आघात द्यावा. लेखनात आघात दिसत नाही, म्हणून “आय’व्ह पेड” ऐवजी “आय हॅव पेड” असे सुटे लिहावे. कोणी नाकारले किंवा शंका घेतली, तरच हा जोर शोभतो. ओळख करून देताना “आय डू लिव्ह इन शहादा” म्हटल्यास त्याबद्दल कुणी वाद घातला होता की काय, असे वाटेल. पाहुण्यांना आग्रहाने “डू सिट डाउन” म्हणण्यास मात्र अशा कारणाची गरज नसते.