गणितातलं उणे उत्तर भौतिकशास्त्रात खोडायचंच का?

खोडायचं, पण घाईने नको. सांगलीच्या आयर्विन पुलावरून कृष्णेत खडा सोड. पाणी समजा ११ मीटर खाली. खडा पडतो ते अंतर, म्हणजे ४.९ गुणिले वेळेचा वर्ग, बरोबर ११ मांडलं की गणित दोन उत्तरं देतं: अधिक दीड सेकंद आणि उणे दीड. सोडण्याआधीच खडा पाण्यात कसा पडेल? म्हणून उणे खोडतो. (तसं तेही अगदीच फुकट नाही. दीड सेकंद आधी पाण्यापासून योग्य वेगाने वर फेकलेला खडा बरोबर तुझ्या हाताशी येऊन क्षणभर थांबला असता!) भौतिकशास्त्रज्ञ डिरॅकने मात्र १९२८ च्या आपल्या इलेक्ट्रॉनच्या समीकरणातली उणे ऊर्जेची उत्तरं टाकली नाहीत. त्यांचा अर्थ लावता लावता १९३१ मध्ये त्याने इलेक्ट्रॉनच्या धनभारित जुळ्याचं भाकीत केलं. पुढच्याच वर्षी अँडरसन या भौतिकशास्त्रज्ञाला तो सापडला, पॉझिट्रॉन.